एकाच जहाजावर लागोपाठ २ ट्रिपा अन् मधी खोली बदलली, ५ महिन्यांनी लिहितोय

परवा बँकेचा मेसेज आला, ३,००० रुपये जमा. दिवाळीच्या सुट्टीत जहाजावर भरलेलं डिपॉझिट आत्ता कुठं परत आलं, मधी ११ मेल केले आणि फोन किती केले त्याची गणतीच नाही. पैसे यायच्या आधी लिहायला बसलो असतो तर नुसता रागच उतरला असता, म्हणून थांबलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. जेवण कसंय, शो कसेत, पूल केवढाय हे सगळं व्हिडिओत बघायला मिळतं, त्यावर माझा एक शब्दही नाही. मला लिहायचंय फक्त एका गोष्टीवर, एकाच जहाजावर एकाला लागून एक अशा दोन ट्रिपा घेतल्या आणि मधल्या दिवशी खोली बदलावी लागली तर काय होतं. बॅक टू बॅक म्हणतात याला.

आम्ही लातूरचे. रात्रभर रेल्वेत बसून सीएसएमटी गाठायचं, तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पियर, म्हणजे जहाजात चढायचा धक्का, आणि दोन रात्री गोव्याला जाऊन परत लातूर, हे काही पटत नव्हतं. एवढी दगदग करायची तर निदान आठवडाभर तरी पाण्यावर राहू म्हणून मुंबई-गोवा-मुंबई २ रात्री आणि त्याच जहाजाची, ती संपते त्याच दिवशी सुटणारी कोची-लक्षद्वीप ५ रात्री अशी जोडून घेतली. मी, बायको आणि आई. आईचं वय ७४, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. दुसऱ्या ट्रिपला पण तीच खोली ठेवायची तर ९,५०० रुपये जास्त पडत होते, आणि गॅरंटी म्हणून जो प्रकार असतो, म्हणजे खोलीचा नंबर कंपनी ठरवणार आपण नाही, तो स्वस्त होता. मी दुकानदार माणूस, ९,५०० म्हणजे मला पेरणीच्या दिवसातले किती बॅगांचे कमिशन ते लगेच दिसतं, घेतलं गॅरंटी.

पहिली खोली डाव्या बाजूची, खिडकीची. हे डावं-उजवं लई महत्वाचंय आणि बुकिंगवाले सांगत नाहीत. मुंबईहून दक्षिणेला जाताना डाव्या अंगाला किनारा असतो म्हणजे पूर्व, उजव्या अंगाला नुसता समुद्र म्हणजे पश्चिम. परत येताना उलटं. गोव्याला जायच्या दिवशी आई पहाटे उठून खिडकीपाशी बसली, सूर्य वर आला तसा हात जोडले, आणि स्टीलच्या पेल्यातलं पाणी काचेपुढं धरून तिनं बेसिनमधी सोडलं, खिडकी काही उघडत नाही ना. घरी गच्चीवर रोज करते तेच. मला म्हणली, "असा सूर्य मी कधी बघितला नव्हता रे." त्या एका सकाळीसाठी मी सगळी ट्रिप वसूल धरली होती.

आता बदलाच्या दिवसाचं. आदल्या संध्याकाळी दारात एक कागद आला, सकाळी ८ ला खोली रिकामी करा, बॅगा भरून नव्या नंबरचा टॅग लावून आतच ठेवा, हँगरवरचे कपडे हँगरवरच राहू द्या, आम्ही नेऊन लावतो. हे हँगरचं मी वाचलंच नाही नीट. रात्री ११ पर्यंत बायको साड्या घड्या करून कोंबत बसली आणि मी तिला घाई करत बसलो, उगं त्रास दिला तिला. सकाळी ८ ला बाहेर, नवी खोली मिळाली दीड वाजता. साडेपाच तास! ७४ वर्षांच्या बाईला घेऊन साडेपाच तास कुठं बसायचं हे त्या कागदावर कुठं नव्हतं. बुफेत नाश्ता झाला, मग वरच्या डेकवर सावली बघून बसलो, बाथरूमला जायचं तर सार्वजनिक, आईला आडवं व्हायचं होतं तर खुर्च्या ओल्या.

तेवढ्या वेळात एक चांगलं झालं. इंजिन विभागातला एक कोकणातला माणूस चहा घ्यायला वर आला होता, आमची बोली ऐकून थांबला. मी विचारलं एवढ्या माणसांच्या आंघोळीचं पाणी कुठनं भरता, तर म्हणला बरंचसं जहाजावरच बनतं, समुद्राचं पाणी घेऊन इंजिनच्या उष्णतेवर वाफ करून नाहीतर पडद्यातून दाबून गाळून मीठ वेगळं काढतात. आई म्हणली, आमच्या लातूरला २०१६ ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तुमच्याकडं एवढं पाणी आणि तुम्हीपण गाळूनच पिताय. तो माणूस दोन मिनिट गप्पच झाला. त्या उन्हाळ्यात पहिली गाडी आली तेव्हा १० डब्यात ५ लाख लिटर आलं होतं, ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना जहाजातला शॉवर मोकळा सोडवत नाही, आम्ही सातही दिवस बादलीच्या हिशोबानंच आंघोळ केली.

आता फ्रिजचं. मला माहितीय एवढ्याश्या फ्रिजवर एवढं लिहायचं नसतं, पण माझं सगळं ध्यान तिथंच अडकलंय. खोलीत टेबलाखाली कपाटात एक लहान फ्रिज असतो, कपाटाचं दार बंद केलं की तो दिसत नाही. आईचं इन्सुलिनचं चालू पेन तिच्या पर्समधी होतं, न उघडलेली २ जादा पेनं त्या फ्रिजमधी. बॅगा भरल्या, तिजोरी तपासली, बाथरूम तपासलं, पलंगाखाली मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, आणि कपाटाचं ते दार उघडलं नाही. आठवलं कधी तर पावणेबाराला, आईनं जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं तेव्हा. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पुढं ५ रात्री, त्यात लक्षद्वीप.

रिसेप्शनला गेलो. पोरीनं जुना नंबर टाकला, स्क्रीनवर नवीन लोकांचं नाव आलं, नाशिकचं कुठलं तरी कुटुंब, अजून जहाजावर चढलेलं पण नव्हतं. ती म्हणली, "सर, या रूममधे तुम्ही नाही आहात." मी म्हणलं सकाळी ८ पर्यंत होतो की. मग तिनं माझं नाव टाकलं तर नवी खोली आली, तिथं अजून कुणी गेलेलंच नव्हतं, मग तिथं काय हरवणार. अर्धा तास हेच. जुन्या बुकिंगमधी मी उतरून गेलेला माणूस, नव्या बुकिंगमधी अजून न आलेला माणूस, आणि मी तर तिच्यासमोर काउंटरला हात टेकून उभा होतो! आवाज चढला माझा, बायकोनं मागून शर्ट ओढला.

त्या वेळी मी सगळा राग खोली आवरणाऱ्या पोरावर काढला होता, न विचारता फेकून दिलं असणार म्हणून. हे माझं चुकलं आणि मी त्याला समोर जाऊन तसं सांगितलं पण. त्यानं साडेआठलाच पेनं बघितली होती, औषध आहे ओळखून आपल्या मजल्यावरच्या पँट्रीतल्या फ्रिजमधी ठेवली होती आणि वर चिठ्ठी चिकटवली होती, खोलीचा नंबर आणि "आंटीचं औषध". मला शोधायला तो दोनदा डेकवर येऊन गेला होता. त्या पोराला तेवढ्या तासात १५-१६ खोल्या, चादरी, टॉवेल, बाथरूम सगळं करून पुढच्या लोकांसाठी तयार ठेवायचं असतं, तरी आठवण ठेवली. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांच्यासाठी. न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, गोठलं तर वाया जातं. खोलीतले हे फ्रिज नुसते कोल्ड्रिंक गार करण्यापुरते असतात, भरवसा ठेवू नका. चालू केलेलं बहुतेक पेन ३० डिग्रीच्या आत साधारण २८ दिवस बाहेर चालतं, तुमच्या पेनाचं डॉक्टरांना विचारून घ्या. जहाजावर दवाखाना असतो, चढल्या चढल्या तिथं जाऊन नावानिशी पेनं ठेवायला द्या, खोली कितीदा बदलली तरी दवाखाना जागेवरच राहतो. हे मला त्या दिवशी दुपारी तिथल्या सिस्टरनी सांगितलं.

नवी खोली उजव्या बाजूच्या पॅसेजमधी, आतली, खिडकी नाही. वर बुफे. पहाटे ५ पासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, गडगड गडगड. खोली निवडता येत असेल तर वरच्या मजल्यावर आणि खालच्या मजल्यावर पण खोल्याच असतील अशी घ्या, बुफे, डिस्को, पूल यांच्या खालची घेऊ नका, आणि पोटात ढवळत असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची, तिथं हलणं सगळ्यात कमी. आतल्या खोलीत दिवस की रात्र कळतच नाही. आई पहिल्या सकाळी घाबरी होऊन उठली, किती वाजले कळंना तिला. मग रोज पहाटे मी तिला लिफ्टनं वर घेऊन जायचो. खोलीच्या भिंती मात्र लोखंडाच्या असतात, चुंबकाचे हुक चिकटतात, तेवढे ४ घेऊन जा, टॉवेल आणि औषधाची पिशवी डोळ्यासमोर लटकवता येते.

दुसऱ्या ट्रिपला सगळं पहिल्यापासून. जहाजाचं नवीन कार्ड, नवीन फोटो, इंटरनेटचं पॅकेज संपलेलं, पेयांचं संपलेलं. लाइफ जॅकेटची ड्रिल पण परत, ७ छोटे भोंगे आणि १ लांब. बरेच जण कुरकुर करायलेले, परवाच तर केली म्हणून. मी म्हणतो करावी. २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, ३२ माणसं गेली, त्यात त्याच दिवशी चढलेल्या लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम कडक झाला. आणि खोली बदलली की धोक्याच्या वेळी जमायची जागा पण बदलू शकते, आमची बदलली होती. आईला तो रस्ता मी दोनदा चालवून दाखवला, जिना कुठला, दार कुठलं.

डिपॉझिट पण याच गोंधळातलं. पहिल्या ट्रिपला रोख ५,००० भरले होते, २,००० खर्च झाले, उरलेले पुढच्या खात्यात ओढतो म्हणाले, मी पावती घेतली नाही. दुसरी ट्रिप संपली तेव्हा म्हणाले या बुकिंगला डिपॉझिटच नाही. घरी येऊन मेल केला तर उत्तर, तुमची ट्रिप पूर्ण झाली, काही बाकी दिसत नाही. प्रत्येक मेलला नवा माणूस आणि प्रत्येकाला दोनपैकी एकच बुकिंग दिसतंय. शेवटी मी दोन्ही बुकिंग नंबर, दोन्ही खोल्यांचे नंबर आणि दोन्ही कार्डांचे फोटो एकाच कागदावर लावून पाठवले तेव्हा एका बाईंच्या लक्षात आलं. ३,००० साठी एवढं कशाला असं भाऊ म्हणत होता, पण माझे कष्टाचे पैसे आहेत, का सोडू.

हे सगळं लिहूनही सांगतो, फेब्रुवारीत आम्ही परत गेलो. दोघंच, आईला बहिणीकडं ठेवून. परत बॅक टू बॅक आणि परत खोली बदलायची, या वेळी ८,००० वाचत होते आणि मी मुद्दाम घेतली. चढल्या चढल्या काउंटरला जाऊन दोन्ही बुकिंग एकमेकाला जोडून घेतली, तसं लिहून सही घेतली, डिपॉझिट रोख न भरता कार्डवर ठेवलं. सगळे कपडे हँगरवर, बॅगा अर्ध्या रिकाम्या. फ्रिजच्या कपाटाचं दार मी आदल्या रात्रीपासूनच सताड उघडं ठेवलं. सकाळी एक लहान पिशवी खांद्याला, त्यात औषधं, पाकीट, चार्जर आणि एक जोडी कपडे, आणि दिवसभर मोकळे. दीड वाजता नव्या खोलीत गेलो तर साड्या ज्या क्रमानं लावल्या होत्या त्याच क्रमानं कपाटात, टिकलीचं पाकीट पण आरशापाशी जसं होतं तसंच. बायको बघतच राहिली. एकदा उजवीकडं सूर्यास्त मिळाला, एकदा डावीकडं, एका खोलीत मिळालाच नसता.

तेव्हा आता माझं मत असं झालंय, दोघंच असाल, चालते फिरते असाल तर खोली खुशाल बदला, पैसे वाचवा. सोबत म्हातारं माणूस, लहान लेकरू नाहीतर फ्रिजमधलं औषध असेल तर ९,५०० जास्त गेले तरी एकच खोली ठेवा, मी पुढच्या वेळी तेच करणारय.

पुढच्या दिवाळीचं बुकिंग बघायला बसलोय. आईला विचारलं येणार का, तर म्हणली येते, पण जाताना डावीकडची खिडकी घे, आणि फ्रिज तू बघ.