दीड वर्ष घरच्या केगरेटरचं: काटा भरलेला, सिलिंडर रिकामा

लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या अमेरिकन सुट्टीच्या, आदल्या दिवशी दुपारी घरी चौदा माणसं होती. मागच्या अंगणात शेगडी पेटली होती आणि बेसमेंटमधल्या केगरेटरमध्ये, म्हणजे पिंपातली बिअर गार ठेवून नळानं देणाऱ्या फ्रीजरमध्ये, विटबिअर या गव्हाच्या बिअरचा पाच गॅलनचा नवा केग, म्हणजे धातूचं पिंप, गार होऊन तयार होता. पहिले दोन ग्लास व्यवस्थित भरले. तिसऱ्याला धार बारीक झाली, चौथ्याला थेंब थेंब, मग काहीच नाही. फ्रीजर उघडून पाहिलं तर बिअर नळाकडे ढकलणाऱ्या गॅसच्या रेग्युलेटरचा सिलिंडरकडचा काटा शून्यावर. तीन दिवसांपूर्वी मी स्वतः बघितलं होतं, तेव्हा हाच काटा पाचशेच्या वर होता. आणि सिलिंडर भरून आणून जेमतेम अकरा दिवस झाले होते.

सहाव्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर या सेटअपला मी दहापैकी नऊ दिले असते. आता दीड वर्षानंतर लिहितोय, आणि बरीचशी मतं बदलली आहेत.

आधी थोडक्यात माझ्याकडे काय आहे ते. न्यू जर्सीतलं घर, दमट बेसमेंट. सात घनफुटांचा चेस्ट फ्रीजर, झाकणाखाली लाकडी फळ्यांची चौकट म्हणजे कॉलर, त्या कॉलरमधून बाहेर काढलेले दोन नळ, इंकबर्डचा तापमान नियंत्रक, बॉल लॉक नावाच्या जोडणीचे तीन जुने केग आणि कार्बन डायऑक्साइडचा पाच पौंडांचा सिलिंडर. नळ, नळ्या, रेग्युलेटर, जोडण्या हे सगळं एका विक्रेत्याकडून किट म्हणून घेतलं. सुटं घेण्यापेक्षा चाळीस-एक डॉलर वाचत होते, हेच खरं कारण. कॉलर का, असं पाहुणे नेहमी विचारतात. चेस्ट फ्रीजरच्या भिंतींच्या आतून गारवा देणाऱ्या गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात, तिथे ड्रिल घातलं की फ्रीजर गेला. लाकडाला कितीही भोकं पाडा.

नातेवाईक विचारतात, हे चालतं का कायद्यात? इथे चालतं. १९७८ साली कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना संघराज्याच्या कायद्यानं घरी बिअर करायला मोकळीक मिळाली. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, फक्त विकायची नाही. माझी वर्षाची सगळी मिळून चाळीस गॅलन होते.

पहिले चार महिने माझा सगळा राग नळीवर होता. किटमध्ये बिअरची नळी आली पाच फुटांची. ३८ अंश फॅरनहाइट तापमान आणि १२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब ठेवला की विटबिअरला हवा तेवढा गॅस मुरतो. पण त्या दाबाला पाच फुटांची नळी फारच तोकडी पडते. अर्धा ग्लास फेस, अर्धा ग्लास बिअर. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, दाब कमी करा. केला. पहिला दिवस बरा गेला, चौथ्या दिवशी फेस आणखी वाढला आणि बिअर मात्र पचपचीत झाली. कारण अगदी साधं आहे. बिअरमध्ये मुरलेल्या गॅसला जेवढा दाब लागतो तेवढा तुम्ही दिला नाहीत, तर तो गॅस नळीतच सुटायला लागतो. नळी पारदर्शक असेल तर बुडबुड्यांची माळ दिसते. दाब कमी करायचा नसतो, वाटेतला अडथळा वाढवायचा असतो. मी तीनषोडशांश इंच आतल्या व्यासाची नळी बारा फूट आणली, केगवर वेटोळी करून ठेवली, दाब परत बारावर नेला. त्या संध्याकाळी ग्लासावर दोन बोटं फेस बसला आणि शेवटच्या घोटापर्यंत टिकला. बारा फूट नळीला दहा डॉलरसुद्धा लागले नाहीत. ज्याला किट विकायचं आहे त्याला आणखी सात फूट नळी द्यायला किती पडतं, हा प्रश्न मी आजही विचारतो.

नळी बदलल्यावर सुखाचे दिवस आले, ते खरंच सांगायला हवेत. पूर्वी मी बाटल्या भरायचो. पाच गॅलनच्या एका घाण्याला अठ्ठेचाळीस-पन्नास बाटल्या, प्रत्येक धुवायची, निर्जंतुक करायची, साखर मोजून घालायची, बूच दाबायचं आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. शनिवार त्यातच संपायचा. आता एक केग धुतला की काम झालं. विटबिअरला मी धणे घालतो, इंडियन ग्रोसरीतले आपले लांबट, हलक्या पिवळ्या रंगाचे. ब्रूइंगच्या दुकानात धण्यांची इवलीशी पुडी जेवढ्याला मिळते तेवढ्यात इकडे अर्धा किलोची पिशवी येते, आणि आपल्या धण्यांचा वासही लिंबाकडे झुकणारा, या बिअरला हवा तसाच. उकळायचे शेवटचे पाच मिनिटं राहिले की खलबत्त्यात फक्त फुटतील एवढे कुटायचे, पूड करायची नाही. नळातून पहिली धार ग्लासात पडते तेव्हा संत्र्याची साल आणि धणे यांचा एकत्र वास येतो. बाटलीतल्या बिअरला तो इतका ताजा कधीच नव्हता. या एका गोष्टीसाठी मी हा सगळा उद्योग पुन्हा करीन.

आता गॅसकडे येतो, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

पहिला सिलिंडर पाच केग चालला. दुसरा तीन. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण गॅस साधारण असाच जातो असं मी धरून चाललो. तिसरा अकरा दिवसांत संपला. लेबर डे झाल्यावर विक्रेत्याला फोन केला. त्यानं विचारलं, तीन दिवस आधी गेज किती दाखवत होतं? मी म्हटलं, पाचशेच्या वर. तो म्हणाला, मग तोवर सिलिंडर भरलेला होता, गळती नाही, तुम्ही केगमध्येच जास्त गॅस सोडला असणार. दोन वेळा फोन, तीन ईमेल, उत्तर हेच. किटची वर्षाची मुदत टळून गेलीय, हेही प्रत्येक वेळी ऐकवलं.

बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे होते. एसटीच्या मिरज डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. ते बिअर घेत नाहीत, पण बेसमेंटमधल्या या यंत्रावर त्यांचं लक्ष असायचं. मी चौथा सिलिंडर भरून आणला, तशी त्यांनी तो हातात घेऊन मानेवरचे ठसे वाचले. ‘अरे, याचं रिकामं वजन इथे लिहिलंय की. टीडब्ल्यू ७.६, पौंडांत. तू वजन का करत नाहीस? घरच्या गॅसचं आपण काय करतो?’

घरी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला की बाबा आधी त्याच्या काट्यावर वजन करायला लावायचे. रिकामं वजन अधिक १४.२ किलो, तेवढं भरलं नाही तर परत. ते मी लहानपणापासून बघत आलो, आणि इथे वर्षभर रेग्युलेटरच्या काट्याकडे बघत बसलो. त्या काट्यानं काहीच कळत नाही, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. जोपर्यंत तळाशी थोडासाही द्रव आहे, तोपर्यंत वरचा दाब तेवढाच राहतो. खोलीच्या उबेत आठशेच्या आसपास, फ्रीजरच्या गारव्यात पाचशेच्या वर. भरलेल्या सिलिंडरला पाचशे आणि तळाला पेलाभर उरलेल्या सिलिंडरलाही पाचशे. द्रव संपला की मग काटा भराभर उतरतो, आणि तोवर पाहुणे दारात आलेले असतात. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

बाबांनी कपाटातून सामान तोलायचा ताणकाटा काढला. विमानात २३ किलोच्या वर बॅग जाऊ नये म्हणून प्रत्येक देशी घरात असतो तोच. रेग्युलेटरसकट सिलिंडर त्याला अडकवून उचलला. ७.०६ किलो. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, तारीख घातली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोललं, नळाला हात न लावता. ६.८५. चोवीस तासांत दोनशे ग्रॅम गायब, आणि रेग्युलेटरचा काटा जागचा हललेला नाही.

मग गळती शोधायची. मी आधी साबणाचं पाणी मारलं होतं, पण केगच्या झाकणांवर आणि नळ्यांच्या क्लॅम्पवर, जिथे सगळे सांगतात तिथे. बाबांनी वेगळी रीत धरली. रेग्युलेटरच्या खालची चावी बंद, म्हणजे केगकडे गॅस जात नाही. मग सिलिंडरचाही व्हॉल्व्ह बंद. आता मधे अडकलेला गॅस फक्त रेग्युलेटरच्या पोटात. काटा जागेवर राहिला तर गळती केगकडे, उतरला तर सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या सांध्यात किंवा रेग्युलेटरमध्येच. मी वर जाऊन चहा टाकला. चहा उकळायच्या आत खालून हाक आली, ‘उतरला रे.’ काटा शून्यावर टेकला होता.

गेज निरुपयोगी आहे असं मी वर म्हटलं, ते अर्धंच खरं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असताना ते गॅस किती उरला हे सांगत नाही. व्हॉल्व्ह बंद केला की मागून भर घालायला द्रव नसतो, मग मात्र ते अगदी प्रामाणिक असतं. वजन आणि बंद व्हॉल्व्ह, दोन्ही मिळून दोन दिवसांत जे कळलं ते मला वर्षभरात कळलं नव्हतं.

सिलिंडर उजेडात टेबलावर आणला, व्हॉल्व्ह उघडला, दाढीच्या ब्रशनं साबण लावला. नट सिलिंडरला जिथे आवळतो तिथे खालच्या अंगाला, जो भाग फ्रीजरमध्ये भिंतीकडे असायचा, बारीक पांढऱ्या फेसाची मिशी फुटली. पान्यानं नट सोडवला. आत नाण्याएवढा फायबरचा वॉशर होता. किटबरोबर आलेला, एकुलता एक. त्याच्यावर चंद्रकोरीसारखी एका बाजूनं खोल दाब पडलेली, आणि त्यालाच छेदणारी दुसरी, आणि तिसरी. प्रत्येक वेळी सिलिंडर बदलताना तोच वॉशर मी पुन्हा आवळला होता, आणि प्रत्येक वेळी तो थोडा सरकून बसला होता. हा वॉशर एकदाच वापरायचा असतो. सिलिंडर बदलला की नवा. किटच्या माहितीपत्रकाची आठ पानं मी पुन्हा वाचली. नळ कसा चमकवायचा यावर अर्धं पान आहे, वॉशरवर एक ओळ नाही. दहा वॉशरचं पाकीट पाच डॉलरच्या आत येतं. एका वॉशरपायी मी पंचवीस डॉलरचे दोन सिलिंडर हवेत सोडले.

पैसे गेले त्याहून मला दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाटतं. लेबर डेच्या आदल्या गुरुवारी मी फ्रीजर उघडून आत वाकलो होतो तेव्हा नाकात झणझणलं होतं, सोडा नाकात गेल्यावर होतं तसं. मला वाटलं निर्जंतुक करायच्या द्रावणाचा वास असेल. तो गॅस होता. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो फ्रीजरच्या तळाशी साचून राहतो. पाच पौंड द्रवाचा बाराशे लिटरच्या घरात गॅस होतो. आमच्या बेसमेंटमध्ये मुलगी खेळते. नाकात झणझणलं तर डोकं तिथून बाहेर काढा, झाकण उघडं ठेवा, खिडकी उघडा आणि माणसांना वर पाठवा. बिअर नंतर बघा. आता तिथे मी गॅसचा अलार्मही लावला आहे. आणि तो कार्बन मोनॉक्साइडचा नव्हे, कार्बन डायऑक्साइडचाच घ्यावा लागतो, हे दुकानात दोनदा सांगावं लागलं.

बाकीचं पटकन सांगतो. इंकबर्ड उत्तम. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, केगच्या पोटाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा, नाहीतर झाकण उघडलं की कॉम्प्रेसर सुरू. आत तळ गार आणि वरचा भाग कोमट राहतो, म्हणून कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवला, पहिल्या ग्लासाचा फेस त्यानं कमी झाला. दमटपणासाठी सिलिका जेलचा डबा ठेवतो, महिन्यातून एकदा वाळवावा लागतो. किटमधले नळ मागून बंद होणारे होते. तीन आठवडे भारतात जाऊन आलो तर आत बिअर वाळून दांडा घट्ट बसलेला. पुढून बंद होणारे नळ घेतले, ते महाग आहेत, पण त्यात मी आता काटकसर करणार नाही. केगच्या झाकणाला सुरुवातीला तीस पीएसआयचा झटका दिला की रबर नीट बसतं, कमी दाबावर ते गळत राहतं. पहिल्या सिलिंडरचा बराच गॅस तिथूनच गेला असणार.

सिलिंडर अदलाबदल करून घेण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. माझा कोरा अॅल्युमिनियमचा देऊन पोचे पडलेला मिळाला, वर त्याची पाच वर्षांची दाबचाचणी जवळ आलेली. ती टळली की कुणी भरून देत नाही. शिवाय प्रत्येक सिलिंडरचं रिकामं वजन वेगळं, म्हणजे हिशोब पुन्हा पहिल्यापासून. अग्निशामक सिलिंडर भरणारं एक दुकान सापडलं, ते माझाच सिलिंडर समोर भरून देतात. त्यांच्याकडे वजनाचा मोठा काटा आहे आणि मी तो आकडा बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

नवा वॉशर बसवल्याला आता चार महिने होतील. झाकणाच्या आत पेन्सिलीच्या आकड्यांच्या दोन ओळी झाल्या आहेत. एका केगमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जातो, त्यात केगमधली हवा काढायला वापरलेलाही आला. म्हणजे पाच पौंडांत दहा-बारा केग सहज निघायला हवेत. पूर्वी मी पाचावर समाधानी होतो. बाबा ऑक्टोबरात मिरजेला परत गेले. रविवारी फोनवर तब्येतीचं झालं की ते वजन विचारतात. आज सकाळी सांगितलं, ६.१९, तिसरा केग अर्धा आहे.