मॉर्झिन की दावोस? आल्प्समध्ये सायकल घेऊन जाण्यापूर्वी

आठवडाभराची सुट्टी, शेंगेन व्हिसा आणि सायकल उतारावर सोडायची हौस, एवढं जमलं की उरतो एकच प्रश्न: जायचं कुठे? आल्प्समध्ये जागा ढिगाने आहेत. पहिल्या खेपेसाठी मी दोनच पुढे ठेवतो, फ्रान्समधलं मॉर्झिन आणि स्वित्झर्लंडमधलं दावोस. डोंगर दोन्हीकडे देखणे, त्यावर वाद नको. उतरायची तऱ्हा मात्र पार वेगळी आहे आणि निवड त्यावरच करावी.

मॉर्झिनला दिवस लिफ्टवर चालतो. चेअरलिफ्टच्या हुकाला सायकल अडकवायची, वर जायचं, उतरायचं, की पुन्हा रांगेत. गावातून थेट वर जाणारी प्लेने नावाची लिफ्ट आहे, पलीकडे ले जे हे गाव, वरच्या अंगाला आव्होरिआज. हा सगळा पोर्त द्यु सोलेईचा भाग. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून बारा गावं एकाच पासवर जोडलेली. सकाळी मॉर्झिनहून निघून शातेल, मॉर्जां, शाँपेरी असं फिरत संध्याकाळी परत येता येतं आणि वाटेत सीमा ओलांडलेली कळतही नाही. तरी पासपोर्ट बॅगेत असू द्या.

इथले ट्रेल सायकलसाठीच बांधलेले आहेत. वळणांना मातीचे उंच काठ, मध्येमध्ये उड्या, हिरवा-निळा-लाल-काळा असे चढत्या अवघडपणाचे रंग. उडी मारायला शिकायचं असेल तर याहून सोयीची जागा नाही. एकच उतार दिवसातून कितीही वेळा करा, चूक कुठे होते ते हाताला कळतं. ऑगस्टमध्ये मात्र प्लेनेच्या मुख्य ट्रेलची दशा होते. वळणाआधी सगळेच ब्रेक दाबतात, माती लाटांसारखी उठते आणि पुण्यातल्या एखाद्या गल्लीतले स्पीडब्रेकर ओळीने लावल्यासारखा रस्ता होतो. दुपारपर्यंत बोटं ब्रेकवर मिटेनाशी होतात. गर्दीआधी, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला गेलात तर हे कमी.

पाऊस हा दुसरा मुद्दा. तिथली माती ओली झाली की मुळं साबणासारखी होतात. २०११ ची डाउनहिल जागतिक स्पर्धा शाँपेरीच्या चिखलात झाली आणि ब्रिटनच्या डॅनी हार्टने ती ११ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली. इतरांना उभं राहणं जड जात होतं, यावरून त्या उताराची कल्पना करा.

दावोसचं गणित निराळं. इथे एक लांब वाट पकडायची आणि दिवस तिच्यावर घालवायचा. आल्प्स एपिक ट्रेल हे त्यातलं मोठं नाव. २५९० मीटर उंचीच्या याकोब्सहॉर्नवर केबल कारने जायचं आणि तिथून सुमारे ४० किलोमीटर फिलिझूरपर्यंत. आधी उघडा माथा, खडक आणि थोडा घसारा; मग डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी अरुंद पायवाट; मग झाडी, मोनश्टाइन गाव आणि शेवटी दरी. मध्ये चढ येतात, तेव्हा लिफ्टच्या भरवशावर राहू नका, पाय चालवावेच लागतात. फिलिझूरला पोचलात की सायकलसकट रीशन रेल्वेच्या लाल गाडीत बसा, अर्ध्या तासाच्या आत दावोस. सायकलचं तिकीट वेगळं असतं, तेवढं आठवणीने काढा.

सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याला दावोस लवकर पटेल, असं माझं मत. खडक, घसारा, अरुंद सोंड, खिंडीत अंगावर येणारा वारा हे आपल्या ओळखीचं आहे. बांधीव उड्या नाहीत. दावोस ज्या ग्राउब्युंडेन प्रांतात आहे तिथे बहुतेक पायवाटा चालणारे आणि सायकलवाले दोघंही वापरतात, पण मान चालणाऱ्याचा. वेग कमी करायचा, 'ग्रुएत्सी', म्हणजे नमस्कार, म्हणायचं, पुढे जायचं. मागून आवाज न करता सुसाट गेलात तर आजोबा चांगलंच सुनावतील. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून माथा सकाळीच ओलांडावा. आणि जुलैआधी वरच्या वाटांवर बर्फ असू शकतो.

खर्चात मॉर्झिन सरळसरळ स्वस्त. चारपाच जणांनी घर भाड्याने घेतलं, रात्री स्वयंपाक केला तर आणखी स्वस्त. दावोसला मिग्रोस किंवा कोऑप या दुकानांतून ब्रेड-चीज घेऊन डोंगरावर खाल्लंत तरच खिसा वाचतो. शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: मॉर्झिनच्या साव्वा भागातल्या तार्तिफ्लेत या पदार्थात बटाटा आणि चीज दिसतं, पण आत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आधी विचारा. दावोसला र‍्योश्टीवर, म्हणजे किसून परतलेल्या बटाट्यावर, निभावतं, तिथेही बेकन नको म्हणून सांगावं लागतं.

पोचायला दावोस सोपं. मुंबईहून झ्युरिकला थेट विमान आहे, पुढे लांडक्वार्टला गाडी बदलून साधारण अडीच तासांत दावोस. मॉर्झिनला रेल्वे नाही. जिनिव्हाला उतरून व्हॅनने सव्वा-दीड तास. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याचा, म्हणजे जिनिव्हाला उतरलात तरी मॉर्झिनसाठी अर्ज फ्रान्सकडे.

सायकल भारतातून नेऊ नका. मॉर्झिनला डाउनहिल सायकल, फुल-फेस हेल्मेट आणि पॅड एकत्र भाड्याने मिळतात. दावोसला धक्के झेलणाऱ्या १४०-१६० मिलिमीटर सस्पेन्शनची हलकी सायकल घ्या, डाउनहिलची जड सायकल चढावर रडवेल.

घरचं कुणी सायकल न चालवणारं सोबत असेल तर दावोसच. त्यांना गाडीत बसवून फिलिझूरजवळचा लांडवासर पूल दाखवा, तुम्ही डोंगरावरून या आणि स्टेशनवर भेटा. मित्रांचं टोळकं असेल, कुणी पट्टीचा, कुणी नवखा, तर मॉर्झिन. वर सगळे एकत्र जातात, उतरताना ज्याला जो रंग झेपेल तो.

ऑस्ट्रियातलं झालबाख-लेओगांग हाही पर्याय आहे. पण ऑस्ट्रियात परवानगी नसलेल्या जंगलवाटांवर सायकल नेणं बेकायदा आहे, त्यामुळे फलक लावलेल्या ट्रेलवरच राहावं लागतं. दावोससारखी भटकंती डोक्यात असेल तर तिथे अडखळायला होईल.

कुठेही जा, विम्याचा कागद मात्र नीट वाचा. व्हिसासाठी घेतलेल्या साध्या प्रवास विम्यात डाउनहिल सायकलिंग बरेचदा वगळलेलं असतं, हेलिकॉप्टरचं बिल मग तुमच्या नावावर. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४ आणि फ्रान्समध्ये ११२. दोन्ही निघायच्या आधी फोनमध्ये टाका.