जळगावच्या वकील मॅडम : जुन्या शिक्षेचे कागद नीट तपासतात

चुलतभावाची मोटरसायकल चोरीची केस होती, चोरी त्यानेच केली हे मी लपवत नाही, पण चार्जशीटसोबत त्याच्या नावावर आधीच्या दोन केस दाखवल्या होत्या आणि तिथंच आमचे हातपाय गळाले. न्याय संहितेच्या कलम 303(2) मध्ये चोरीला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नुसत्या दंडावरही सुटता येतं, पण दुसऱ्यांदा दोषी ठरला की कमीत कमी 1 वर्ष सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त 5 वर्षं.

आधीचे वकील म्हणे सगळं कबूल करा, लवकर मिटेल. या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "त्या निकालांची नक्कल कोणी पाहिली का?" कोणीच नव्हती पाहिली. पोलिसांच्या यादीत केस आहे म्हणजे शिक्षा झाली असं नसतं, त्यासाठी कोर्टाची सहीशिक्क्याची नक्कल नाहीतर जेलचा दाखला लागतो, आणि शिक्षा झालेला माणूस हाच हेही सरकारी पक्षाने सिद्ध करायचं असतं.

त्यांच्या कारकुनाने भुसावळ आणि अमळनेरहून नकला काढल्या, दीड महिना गेला त्यात. एका केसमध्ये भाऊ निर्दोष सुटलेला. दुसऱ्या निकालात शिक्षा होती, नाव-आडनाव तेच, पण वडलांचं नाव वेगळं आणि वय 41, आमचा तेव्हा 19 चा होता. खान्देशात एका नावाचे किती पाटील निघतील सांगा! मॅडमनी झेरॉक्सवर त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून काकूंना दाखवली, काकूंना वाचता येत नाही, मॅडमनी वाचून सांगितल्यावर त्या एवढंच बोलल्या, "दुसरानं पाप मना पोऱ्याना माथे कसाले?"

सरकारी वकिलांनी तो मुद्दा सोडला. शिक्षा झालीच, 4 महिने आणि दंड, पण जेलमध्ये काढलेले दिवस त्यातून वजा झाले.

फी 15 हजार, तीन हप्त्यांत, पावतीसकट, नकलांचा खर्च वेगळा. जेलमध्ये असलेल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, स्वतःची फी जाईल असा विचार केला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. एक स्टार कापला कारण तारखेच्या दिवशी फोनच उचलत नाहीत, चोपड्याहून आमच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हातारं माणूस सोबत असेल तर आधी कारकुनाला फोन करा, तो खाली येऊन कागद घेतो.