मशीनशेजारचा स्लो-स्पीड ग्राइंडर: कोणाच्या कामाचा, कोणाच्या नाही

प्लास्टिकचा पार्ट साच्यात (मोल्डमध्ये) ओतताना वाटेत घट्ट झालेल्या प्लास्टिकच्या काड्या म्हणजे रनर. ते गोणीत भरून ठेवायचे आणि आठवड्याअखेरीस मोठ्या ग्राइंडरवर एकदम दळायचे, ही पद्धत बऱ्याच मोल्डिंग शॉपमध्ये अजून चालते. तेवढ्या दिवसांत गोणीत धूळ पडते, दोन रंग एकत्र होतात, नायलॉन हवेतली ओल पिऊन बसतं आणि झाडलोटीचा कचराही त्यातच जातो. मग तो चुरा मशीनला लावायला कोणी धजत नाही आणि सगळा माल भंगारात निघतो. मशीनला चिकटून उभा राहणारा, जाळी नसलेला स्लो-स्पीड ग्राइंडर यावर उपाय म्हणून विकला जातो. उपाय खरा आहे, पण सगळ्या मालाला नाही.

आधी रचना. जाळीच्या नेहमीच्या ग्राइंडरचा रोटर मिनिटाला काहीशे फेरे घेतो. तुकडा जाळीच्या 6 किंवा 8 मिमी भोकातून पडेपर्यंत आतच घुमत राहतो, पुन्हा पुन्हा कापला जातो, घासला जातो. भुकटी आणि आवाज दोन्ही तिथे तयार होतात. स्लो-स्पीडचा रोटर मिनिटाला 25 ते 35 फेरेच घेतो. त्यावरचे मोठे हुक रनर ओढून मोडतात, मग दातेरी चकत्या त्याचे 4-5 मिमीचे तुकडे करतात. तुकड्याचा आकार दातांच्या अंतरावर ठरतो आणि माल एकदाच कापला जाऊन खाली पडतो.

फरक हातात घेतल्यावर कळतो. झाकणाच्या पारदर्शक डब्यात मूठभर चुरा टाकून हलवा. जुन्या ग्राइंडरच्या चुऱ्याने डब्याच्या भिंती पांढुरक्या होतात, कारण स्थिर विजेने भुकटी चिकटते. चांगल्या स्लो-स्पीडच्या पॉलिस्टायरीन किंवा एबीएस अशा टणक प्लास्टिकच्या चुऱ्यात भिंत जवळपास स्वच्छ राहते आणि तुकड्यांच्या कडा धारदार दिसतात. डोळ्यांवर भरवसा नसेल तर 500 ग्रॅम चुरा 1 मिमीच्या चाळणीतून चाळा. खाली 5 ग्रॅमपेक्षा जास्त पडलं तर दातांकडे किंवा मालाच्या तापमानाकडे बघायला हवं. भुकटीचा इतका बाऊ करायचं कारण साधं आहे: ती दाण्याच्या आधी वितळते, बॅरलमध्ये (मशीनच्या माल वितळवणाऱ्या नळीत) जळते आणि पांढऱ्या पार्टवर काळा ठिपका होऊन बाहेर येते. दोष मात्र मास्टरबॅचवर (रंगाच्या दाण्यांवर) जातो.

क्षमता निवडताना बहुतेक जण चुकतात. शॉट, म्हणजे एका वेळी मोल्डमध्ये जाणारा माल, 60 ग्रॅमचा, त्यात पार्ट 44 आणि रनर 16 ग्रॅम, सायकल (एका शॉटचा वेळ) 25 सेकंद असं धरा. तासाला 144 शॉट, म्हणजे रनर निघतो सुमारे 2.3 किलो. यासाठी तासाला 15-20 किलोचा सगळ्यात लहान ग्राइंडरही भरपूर होतो. खरेदीत वजनापेक्षा तोंडाचं माप पाहावं. रोबोट रनर जसा टाकेल तसा, आडवा पडला तरी, तो आत गेला पाहिजे. अडकला की ऑपरेटर काठीने ढोसतो, आणि ती सवय एकदा लागली की सेफ्टी स्विचला टेप लागायला वेळ लागत नाही.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते. बंद चक्रात, म्हणजे सगळा रनर दळून लगेच त्याच मशीनला परत जातो तेव्हा, चुऱ्याचं प्रमाण तुम्ही ठरवत नाही, मोल्ड ठरवतो. वरच्या उदाहरणात ते 26.7 टक्के आहे. चक्र स्थिरावलं की बॅरलमधला सुमारे 73 टक्के माल पहिल्यांदा वितळत असतो, 20 टक्के दुसऱ्यांदा, 5 टक्के तिसऱ्यांदा आणि उरलेला 2 टक्क्यांच्या आतला त्याहून जास्त वेळा. बऱ्याच पार्टना एवढं चालतं. पण लहान पार्ट आणि जाड रनर असलेल्या मोल्डमध्ये रनर 60 टक्के असेल, तर पाचातला एक भाग चौथ्यांदा किंवा त्याहून जास्त वेळा बॅरल बघतोय. तिथे ग्राइंडर घेऊन काही सुधारणार नाही. रनर बारीक करा, नाहीतर हॉट रनरचा (रनर वितळलेलाच ठेवणाऱ्या मोल्डचा) विचार करा. विजेच्या उपकरणांचे पार्ट असतील तर यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेच्या 746डी मानकाची चुऱ्यावरची 25 टक्क्यांची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते, आणि आपलं 26.7 टक्क्यांचं उदाहरण तिथेच अडकतं. थोडा रनर चक्राबाहेर काढावाच लागेल.

ओल पिणाऱ्या मालात हे यंत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पॉलिकार्बोनेटचा दाणा 120 अंशांवर तीन-चार तास सुकवून ओल 0.02 टक्क्यांच्या खाली आणावी लागते. तोच रनर मोल्डमधून निघाल्यावर काही मिनिटांत दळून बंद पाइपने परत गेला, तर त्याला ओल प्यायला वेळच मिळत नाही. गोणीत दोन दिवस पडलेला चुरा न सुकवता लावला की पार्टवर चंदेरी रेषा उठतात. ग्लास भरलेल्या नायलॉनमध्ये मात्र जपून. दर फेरीला बॅरलमधल्या फिरत्या स्क्रूमध्ये काचेचे धागे तुटून आखूड होतात आणि पार्टची ताकद उतरते. ग्राइंडर कितीही हळू फिरो, हे थांबत नाही. शिवाय काच दात खाते. सफाईच्या वेळी मास्क आणि हातमोजे लागतातच.

आता नापास विषय. टीपीई (रबरासारखं प्लास्टिक), एलडीपीई (पिशव्यांचं पॉलिथीन), पातळ पीपी (पॉलिप्रोपिलीन) असा मऊ माल या यंत्राला पचत नाही. कापण्याऐवजी तो ताणला जातो, पातळ गेट (रनरचं पार्टला जोडणारं टोक) दातांमधून लांबीच्या लांबी निसटतो आणि खाली शेवया पडतात. त्या लोडरच्या (माल ओढून नेणाऱ्या यंत्राच्या) पाइपात गुंततात किंवा हॉपरच्या (माल भरायच्या नरसाळ्याच्या) गळ्यात कमान धरून बसतात. मशीन उपाशी, स्क्रीनवर शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पार्ट). अशा मालाला जाळीचाच, पण मिनिटाला 150-200 फेऱ्यांचा ग्राइंडर घ्यावा आणि फिरत्या व स्थिर ब्लेडमधली फट फीलर गेजने 0.2 मिमीच्या आसपास ठेवावी. गरम स्प्रूचंही (रनरच्या जाड मुळाचंही) असंच. बाहेरून टणक लागणारा 8 मिमीचा स्प्रू मधून मऊच असतो आणि रोटरला गुंडाळला जातो. मध्ये छोटा कन्व्हेयर टाकून त्याला मिनिटभर निवू द्या.

अडकल्यावर रोटर आपोआप उलटा फिरण्याची सोय बहुतेक मॉडेलना असते आणि ती कामाची आहे. पण वेग कमी म्हणजे जोर जास्त. पितळी इन्सर्ट (पार्टमध्ये बसवलेला धातूचा तुकडा) आत गेला तर मोटर त्यालाही चावायला बघते आणि दात तुटतो. हॉपरमधलं चुंबक लोखंड धरतं, पितळ धरत नाही. इन्सर्टचे नापास पार्ट या तोंडात टाकायचेच नाहीत.

आवाज खरोखर कमी आहे. शेजारी उभं राहून बोलता येतं. फक्त पॉलिस्टायरीनचा जाड स्प्रू मोडताना कडकड ऐकू येते. वीजही थोडी लागते, लहान मॉडेलची मोटर साधारण दीड-दोन किलोवॉटची असते.

रंग बदलताना जी सफाई करावी लागते, तिच्यावर या यंत्राचं भवितव्य ठरतं. दार चार बोल्टवर उघडत असेल तर पंधरा मिनिटांत काम होतं; बारा बोल्ट असतील तर ऑपरेटर ते टाळणार आणि पांढऱ्यात निळा येणार. बाजूच्या पट्ट्यांमागे, रोटरखाली, पाइपच्या वळणात आणि डब्याच्या कोपऱ्यात कण दडतात. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, व्हॅक्यूम वापरा. हवेने उडालेले कण जमिनीवर, तिथून पाण्याबरोबर गटारात जातात. दाणे असे निसटू नयेत म्हणून प्लास्टिक उद्योगाने 1991 मध्ये ऑपरेशन क्लीन स्वीप सुरू केलं, पण पहिला उपाय ग्राइंडरखाली ठेवलेला काठाचा ट्रे हाच. पीव्हीसी आणि अॅसिटल या दोन प्लास्टिकना एकच ग्राइंडर कधीही नको. उरलेला थोडासा पीव्हीसी अॅसिटलबरोबर बॅरलमध्ये गेला तर अॅसिटल विघटित होऊन फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि बॅरलमध्ये दाब चढतो.

चुऱ्याचे तुकडे वेडेवाकडे असल्याने ते गोल दाण्यापेक्षा हलके भरतात. त्यामुळे स्क्रू भरायला लागणारा वेळ वाढतो आणि कुशन (शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारा माल) हलते. मिश्रण सुरू केल्यावर पहिला तासभर कुशनचे आकडे बघत राहा आणि बॅक प्रेशर (स्क्रू भरताना त्याच्यावर मागून ठेवलेला दाब) थोडं वाढवून ती स्थिर करा.

एबीएस, पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट, अॅसिटल यांना पाचात साडेचार गुण, ग्लास भरलेल्या नायलॉनला तीन, मऊ मालाला एक. डेमोला विक्रेत्याचा नमुना नको. स्वतःच्या मोल्डचे रनर न्या, लोडर जोडून तासभर चालवा, चाळणी लावा, आणि शेवटी दार ऑपरेटरला उघडायला सांगून घड्याळ बघा.