आठ महिने जीओजी वापरल्यावर: ‘डीआरएम-फ्री’ नवख्या माणसाला कसं सांगावं

मी लातूरला नोकरीला, गाव औसा तालुक्यात. गेल्या दिवाळीत जीओजी या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं काढलं, आता आखाड लागलाय. एवढ्या दिवसांत ७ गेम घेतले आणि सगळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर खेळले, काही शहरात, काही गावाकडं. दुकान मला मनापासून आवडलंय आणि भेटेल त्याला मी ते सांगत असतो. पण सांगताना एक अडचण दरवेळी येते. ज्या गुणासाठी या दुकानात जावं, तोच गुण नवख्या माणसाला कळत नाही. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात ओळख. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं २००८ मध्ये हे दुकान सुरू केलं. तेव्हा नाव होतं ‘गुड ओल्ड गेम्स’ आणि माल जुन्या गेमचाच. २०१२ पासून नवे गेमही यायला लागले आणि नाव जीओजी एवढंच राहिलं. पहिल्या दिवसापासून एक नियम मात्र कायम आहे: इथले गेम डीआरएम-फ्री. डीआरएम म्हणजे गेमला लावलेलं कुलूप, आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर असते. तुम्ही गेम उघडला की तो आधी तिकडं विचारतो, माणूस ओळखीचा आहे का? जीओजीच्या गेमला हे कुलूप नाही. प्रत्येक गेमच्या पानावर ते लिहिलेलंही असतं: डीआरएम-फ्री, खेळायला ॲक्टिव्हेशन नको, नेटही नको.

आता मे महिन्यातली एक रात्र सांगतो. सुट्टीत बहीण आणि भाचा गावी आले होते. भाचा अकरावीत. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, आधी वारं सुटलं, मग लाईट गेली आणि तासाभरात मोबाईलची रेंजही गेली. दोघांचेही लॅपटॉप चार्ज होते. त्यानं साठवलेल्या पैशातून दुसऱ्या एका दुकानातून गेम घेतला होता, तो उघडायला गेला तर आधी लॉगिन करा म्हणून चौकट आली. लॉगिनला नेट पाहिजे. पाच-सहा वेळा त्यानं बटण दाबलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “मामा, पैसे देऊन घेतलाय की मी. मग मलाच कशाला इचारूलालंय, कोण हाय म्हणून?”

माझ्या लॅपटॉपवर तेव्हा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ चालू होता. १९९९ चा गेम, जीओजीवरून घेतलेला. त्यानं बघितलं आणि विचारलं, तुमचा कसा काय चालतोय? मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, डीआरएम-फ्री आहे म्हणून. तो म्हणाला, “म्हंजे क्रॅक हाय का? तसले तर पेनड्राईव्हवरचे गेम बी चालतेत की, बिना नेटचे.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पण त्या एका वाक्यात सगळं होतं. आपल्याकडं गेम पहिल्यांदा हातात येतो तोच पेनड्राईव्हवरून. कॉलेजच्या होस्टेलवर, कॅफेत, मित्राच्या घरी. त्या गेमचं कुलूप आधीच कुणीतरी तोडलेलं असतं. अशा पोराला ‘कुलूप नाही’ हे सांगून काय नवल वाटणार? जीओजीचं ते वाक्य लिहिलंय अशा गिऱ्हाइकासाठी, ज्यानं वर्षानुवर्षं पैसे मोजून गेम घेतले आणि कधीतरी स्वतःच्याच गेमबाहेर अडकला. त्याला ते वाक्य वाचून हायसं वाटतं. आपल्या बहुतेक पोरांनी तर अजून पहिला गेमही विकत घेतलेला नसतो.

त्या रात्री माझी सुटका नानांनी केली. नाना म्हणजे माझे वडील, वय ७१. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही, पण ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. मी भाच्याला सांगत होतो की माझ्या गेमची फाईल माझ्या हार्डडिस्कवर आहे, लॅपटॉप बदलला तरी ती पुन्हा टाकता येते, कुणाला विचारावं लागत नाही. नाना मध्येच म्हणाले, “म्हंजे ह्यानं कापसाचं पाकीट आणलंय, अन् तू सोयाबीनचं घरचं बी ठिवलास.”

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीटी कापसाचं बियाणं संकरित असतं, ते दरवर्षी दुकानातून नवंच आणावं लागतं. सोयाबीनचं तसं नाही. सरळ वाण असेल तर चांगल्या रानातलं बी निवडून ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं; कृषी खातंही तेच सांगतं. बी घरात असलं की जूनमध्ये दुकानासमोर रांग लावायची गरज नाही. आणि पेनड्राईव्हवरचा गेम म्हणजे बिनबिलाचं बियाणं. उगवलं तर उगवलं, नाहीतर तक्रार कुणाकडं करणार? वर व्हायरस येतो तो वेगळाच. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपचे प्रोजेक्टचे फोटो अशाच एका गेमनं खाल्ले होते, त्यामुळं हे त्याला लगेच पटलं.

ही तुलना शेवटपर्यंत जात नाही, तेही खरं सांगायला हवं. घरचं बी शेजाऱ्याला पायलीभर देता येतं, गेमची फाईल देता येत नाही. जीओजीवरही तुम्ही कायद्यानं स्वतःच्या वापराची परवानगीच विकत घेता. भाच्यानं विचारलंच, “मग मित्राला कॉपी करून दिली तर कोण धरणार?” कुणी धरणार नाही. कुलूप नाही म्हणजे दुकानानं आपल्यावर विश्वास टाकलाय, आणि तो विश्वास मला मोलाचा वाटतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसानं काही वर्षं खपून बनवला आणि २०१६ मध्ये आणला. तो फुकट वाटताना माझा हात धजत नाही. हे मी त्याला रागावून नाही, शांतपणे सांगितलं.

आता वापराबद्दल. गेम घेतला की तो तुमच्या संग्रहात दिसतो. तिथं वर गॅलेक्सी हे त्यांचं ॲप वापरून गेम टाकायची सोय आहे आणि खाली ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’, म्हणजे नेटशिवाय गेम टाकायची फाईल. गॅलेक्सी ऐच्छिक आहे. ते अपडेट आपोआप टाकतं, सेव्ह केलेला खेळ क्लाउडवर ठेवतं, त्यामुळं सोयीचंही आहे. पण सगळी गंमत त्या खालच्या फाईलमध्ये आहे. मी स्वतः पहिला महिनाभर गॅलेक्सीवरूनच खेळलो आणि बॅकअप फाईल उतरवलीच नाही. म्हणजे घरचं बी ठेवता येत असून ठेवलं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या गिऱ्हाइकाला पहिल्या खरेदीनंतर सगळ्यात आधी हीच फाईल दाखवायला हवी: ही घ्या, ही तुमच्या डिस्कवर ठेवा, आता नेट बंद करून टाकून बघा. ‘डीआरएम-फ्री’ हे अक्षरं वाचून कळत नाही, हातानं एकदा करून बघितलं की लगेच कळतं.

आणि करून बघणं खरंच गरजेचं आहे. ‘द विचर ३’ मी जानेवारीत लातूरच्या खोलीवर उतरवला. मोठ्या गेमच्या फाईलचे तुकडे असतात, एक सेटअप फाईल आणि सोबत ४ जीबीपर्यंतचे ‘बिन’ (.bin) नावाचे अनेक तुकडे. तीन रात्री लागल्या. मी समजलो सगळं आलं. शिमग्याला गावी डिस्क लावली, सेटअप चालू केला, निम्म्यावर गेल्यावर तो थांबला आणि एक तुकडा मागायला लागला. बघतो तर एक बिन फाईल अर्धवट उतरलेली, रात्री कधीतरी नेट तुटलं असणार. चूक माझी, मी तपासलंच नव्हतं. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, ७० च्या वर उगवले तर बी पेरायला चालतं. तसं मी आता प्रत्येक गेमचं करतो. वायफाय बंद, डिस्कवरून इन्स्टॉल, पाच मिनिटं खेळायचं, मगच डिस्क पेटीत. दोन बारीक गोष्टी आणखी: गेमला अपडेट आलं की बॅकअप फाईल पुन्हा उतरवावी लागते, आणि गॅलेक्सी न वापरता खेळलात तर सेव्हचा फोल्डर स्वतः जपायचा.

कुणाला वाटेल एवढा खटाटोप कशाला. माझ्याकडं २००५ च्या आसपास पुण्याहून आणलेली एका गेमची अस्सल सीडी आहे, खोक्यासकट. विंडोज १० आलं आणि त्या काळच्या सीडीवरचं सेफडिस्क हे कुलूप चालणंच बंद झालं. सीडीवर ओरखडा नाही, पावती आहे, पण गेम उघडत नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद झाला, त्याला कायम नेट लागायचं, त्यामुळं पैसे मोजलेल्यांच्या हातीही काही राहिलं नाही. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला. २०२५ पासून तिथं डिजिटल वस्तू विकताना ही फक्त परवानगी आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. ज्या वस्तू कायमच्या उतरवून ठेवता येतात त्यांना त्यातून सूट आहे. जीओजीनं या मुद्द्यावर आपल्या ऑफलाइन इन्स्टॉलरकडं बोट दाखवलं, आणि ते योग्यच केलं. नवख्या माणसाला हीच भाषा समजते. २०१८ मध्ये त्यांनी डीआरएमविरोधात एक मोहीमही चालवली होती, पण तिचा रोख भांडणाकडं होता. माझ्या भाच्याला भांडणात रस नाही, त्याला रात्री लाईट गेल्यावर गेम खेळायचाय.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. डीआरएम-फ्री म्हटलं तरी काही गेमचा ऑनलाइन भाग नेटशिवाय चालत नाही. २०२१ मध्ये ‘हिटमॅन’ जीओजीवर आला तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोष्टींना नेट लागायचं, गिऱ्हाइकांनी आवाज उठवला आणि तो महिन्याभरात काढावा लागला. म्हणून घेण्याआधी पान पूर्ण वाचा. परतीची मुदत ३० दिवसांची आहे, गेम उतरवून खेळला असला तरी, त्यामुळं पहिल्या खरेदीची भीती बाळगू नका. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या; २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कार्डांवर ते बंदच असतात. जुन्या गेमसाठी तर हे दुकान सोन्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी १०० गेम घेऊन जतनाचा कार्यक्रम सुरू केला, आजच्या मशीनवर ते चालत राहतील याची जबाबदारी घेऊन.

भाच्यानं परवा स्वतःच्या पैशातून जीओजीवरचा पहिला गेम घेतला, ‘स्टारड्यू व्हॅली’च. फाईल लहान, लगेच उतरली. गावी नाना आणि घरचे पेरणीच्या गडबडीत होते, हा तिकडं खोलीत. अर्ध्या तासानं फोन आला.

“मामा, नेट बंद करून टाकला.”

“मग?”

“उगवला.”