पसाभर पिठाचा अर्थ: सेफारिया अ‍ॅप दोन वर्षं वापरल्यावर

गुरुवारी रात्री साडेनऊला मी चष्मा पुसते, फोन चार्जरवरून काढते आणि अक्कांना लावते. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. त्या इस्रायलमध्ये अश्दोदला, मी ठाण्यात. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, त्यांचा चहा नुकताच झालेला असतो. दोघींच्या पुढ्यात एकच पान उघडं असतं, एक ओळ हिब्रू आणि तिच्याखाली इंग्रजी, आणि त्यावर आम्ही मराठीत बोलतो. तास कसा जातो कळत नाही. हे पान ज्या अ‍ॅपमध्ये उघडतं त्याचं नाव सेफारिया, ज्यू धर्मग्रंथांचं अ‍ॅप. समाजातल्या बऱ्याच जणींनी विचारलं, 'नक्की काय करता तुम्ही दोघी?' म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे हे कुणासाठी आहे ते कळेल. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. अलिबागच्या बाजूला आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, पोथ्या समुद्रात गेल्या, तोंडात तेवढी शेमाची प्रार्थना राहिली, असं आमच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. आजी रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, नव्याचा सण म्हणायची, किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, दारफळणीचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण. शब्बाथच्या (शनिवारच्या विसाव्याच्या) दिव्यांपासून मलिद्याच्या ताटापर्यंत सगळं मी आजीच्या आणि आईच्या हाताखाली शिकले. पण ते लिहिलंय कुठे, कुणी लिहिलंय, त्यावर कोण काय म्हणालं, हे कधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं नव्हतं. नगरपालिकेच्या मराठी शाळेत 31 वर्षं मुलांना 'स्वतः वाचून बघा' सांगत आले, आणि स्वतःच्याच धर्माचं मात्र ऐकीव. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट फार लागून राहिली.

सुरुवातीला पैसे भरून एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. कुणाचा ते सांगत नाही. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातला तो सुरू व्हायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. त्याचं काही नाही, शाळेसाठी आयुष्यभर पहाटेच उठले. पण एका तासाला गुरुजींनी प्रत्येकाला घरची एक रीत सांगायला लावली. मी मलिदा सांगितला: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, बदाम-बेदाणे, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाहूचं, गाणं. ते म्हणाले, 'छान लोकरीत आहे', आणि पुढच्या माणसाकडे वळले. बस, एवढंच. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही. पण नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर आमच्या घरात जे ताट मांडलं जातं, त्याला शास्त्राच्या अंगणाबाहेर उभं केल्यासारखं मला वाटलं. दोन आठवड्यांनी मी वर्ग सोडला.

मुलीने फोनवर सेफारिया घालून दिलं ते त्याच सुमाराला.

हे एक ग्रंथालय आहे. जोशुआ फोअर हा पत्रकार आणि ब्रेट लॉकस्पायसर हा संगणक अभियंता, या दोघांनी 2011 साली ते सुरू केलं. ना नफा तत्त्वावर चालतं, फुकट आहे, जाहिराती नाहीत. तनाखचे (हिब्रू बायबलचे) सगळे 929 अध्याय, मिश्ना (तोंडी चालत आलेले नियम), तल्मूद (त्यावरची चर्चा), मिद्राश (वचनांवरच्या कथा आणि अर्थ), मध्ययुगातल्या राशीपासूनची भाष्यं, शुल्हान आरूख (रोजच्या आचाराचे नियम), प्रार्थनांची पुस्तकं, सगळं एका जागी. राबी अदिन श्टाइनसाल्ट्झ यांनी तल्मूदवर 1965 पासून 2010 पर्यंत, म्हणजे 45 वर्षं काम केलं. त्यांच्या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतर 2017 पासून इथे सगळ्यांना खुलं आहे. तल्मूदचे ते भले मोठे खंड घरात ठेवायला माझ्याकडे भिंत नाही. फोनमध्ये ते मावले.

पण नुसती पुस्तकं असती तर मी एवढं लिहिलं नसतं. खरी किमया ओळीवर बोट ठेवल्यावर दिसते. कोणत्याही ओळीला स्पर्श केला की त्या ओळीबद्दल पुढच्या दोन हजार वर्षांत जे जे लिहिलं गेलं, त्याची यादी उघडते: भाष्यं इतकी, तल्मूदमध्ये इतके उल्लेख, मिद्राशमध्ये इतके. हिब्रू शब्दावर बोट दाबून धरलं की कोशातली नोंद समोर येते. स्वरचिन्हं हवी तर ठेवा, नको तर काढा. माझ्यासारखीला ती हवीच.

पहिल्याच महिन्यात केळ्याने मला जिंकलं. आजी मलिद्याच्या ताटात खजूर आणि केळं जवळजवळ ठेवू द्यायची नाही. खजुरावर वेगळा आशीर्वाद, झाडाच्या फळाचा, 'पेरी हाएत्स'. केळ्यावर वेगळा, जमिनीच्या फळाचा, 'पेरी हाअदामा'. आम्ही पोरं म्हणायचो, आजी, केळीचं झाड एवढं उंच, मग जमिनीचं कसं? ती म्हणायची, असंच आहे. एक दिवस मी शोधायला बसले आणि शुल्हान आरूखमध्ये ते सापडलं. फळांच्या आशीर्वादांच्या प्रकरणात, क्रमांक 203. योसेफ कारोंनी सोळाव्या शतकात सफेद गावात बसून लिहिलंय की केळ्यावर जमिनीच्या फळाचा आशीर्वाद म्हणावा. कारणही साधं आहे. केळीचा खुंट एकदाच घड देतो आणि मरतो, दुसऱ्या वर्षी त्याच खोडाला फळ येत नाही, म्हणून ते झाड नव्हे. कोकणातल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. आजीला अक्षरओळख नव्हती, आणि कारोंचं नावही तिने ऐकलं नसेल. तरी नियम तिच्या हातात बरोबर होता. त्या रात्री मी फोन छातीशी धरून बराच वेळ बसले होते.

मग अक्कांना फोन केला, आणि आमचा गुरुवार सुरू झाला. जोडीने शिकण्याला हिब्रूत हव्रुता म्हणतात. येशिवांमध्ये, म्हणजे धर्मग्रंथांच्या पाठशाळांमध्ये, असंच शिकतात, दोघं समोरासमोर बसून, एकमेकांना अडवत.

आम्ही एलियाहूपासून सुरुवात केली, म्हणजे तनाखमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय. दुष्काळ पडलाय. एलियाहू त्सारफथ गावच्या वेशीशी येतो. तिथे एक विधवा काटक्या गोळा करते आहे. तो पाणी मागतो, मग भाकरीचा तुकडा मागतो. ती म्हणते, माझ्याकडे शिजवलेलं काही नाही. रांजणात 'मलो कफ' पीठ आहे आणि बुधल्यात थोडं तेल. दोन काटक्या वेचते, माझ्यासाठी आणि पोरासाठी करते, खातो आणि मरतो.

मराठीत उतरवताना 'मलो कफ' वर आम्ही चाळीस मिनिटं घालवली. इंग्रजीत मूठभर होतं. अक्का म्हणाल्या, मूठभर लिही. मी म्हटलं, अहो अक्का, कफ म्हणजे उघडा तळहात. मूठ मिटलेली असते. कोश उघडला: तळहात, तळहाताचा खोलगट भाग. अक्का एकदम म्हणाल्या, 'अगं, पसा! पसाभर पीठ!' आणि फोनवर आम्ही दोघीही गप्प झालो. पसाभर म्हटल्यावर ती बाई दिसली. डब्याच्या तळाशी खरवडून तळहातावर घेतलेलं पीठ. आमच्या दोघींच्याही आयांनी महिनाअखेरीला तसं घेतलेलं आम्ही पाहिलं आहे.

पुढची ओळ. एलियाहू म्हणतो, भिऊ नकोस, कर, पण आधी मला त्यातून एक छोटी 'उगा' करून आण. अक्का पन्नास वर्षं तिकडे राहतात. त्यांना उगा म्हणजे केक. वाढदिवसाचा. त्या म्हणाल्या, दुष्काळात केक कुठला? पुन्हा कोश. उगा म्हणजे गोल, चपटी, निखाऱ्यावर भाजलेली. म्हणजे भाकरीच. इंग्रजी वाचून आमच्या दोघींच्या डोळ्यांपुढे हे आलं नसतं. मराठीत उतरवायला बसलो म्हणून आलं.

आणि मग तो शब्द, 'बारिशोना', आधी. आधी मला, मग तुझ्या पोराला. उपाशी बाईला कुणी असं सांगतं का? अक्कांचं म्हणणं, तिच्या श्रद्धेची परीक्षा. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचं ताट आलं. मलिदा करतो तेव्हा घरात कितीही भूक असो, आधी ताट एलियाहू हन्नाबीच्या नावाने मांडायचं, प्रार्थना पुरी व्हायची, मगच कुणी तोंडात घास घालायचा. लहान मुलाचा हातसुद्धा आजी मागे घ्यायची. आधी त्याला. हे मला कुठल्या भाष्यात मिळालेलं नाही, हे माझं मत आहे. पण एका विधवेने शेवटच्या पिठातून आधी त्याच्यासाठी बाजूला काढलं, आणि तेलाचा बुधला सरला नाही; आणि तेलाच्या घाण्यावर जगलेल्या लोकांनी कोकणात त्याच्या नावाने आधी ताट मांडलं. लोकरीत म्हणून पुढे जाण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही, असं मी आता कुणालाही सांगू शकते, पान उघडून.

त्याच अध्यायावर बोट ठेवल्यावर तल्मूदमधल्या संहेद्रिन या भागाचं 113वं पान निघालं. तिथे किल्ल्यांची गोष्ट आहे. एलियाहूने पावसाची किल्ली मागून घेतली होती. विधवेचा मुलगा गेला तेव्हा त्याने मेलेल्याला उठवायची किल्ली मागितली. वरून उत्तर आलं: जन्माची, पावसाची आणि पुन्हा उठवण्याची अशा तीन किल्ल्या, दोन शिष्याच्या हातात आणि एक गुरूच्या, असं लोकांनी म्हणावं का? ही घे, ती परत आण. म्हणजे एका मुलाच्या जिवासाठी दुष्काळ संपवावा लागला. मी हे वाचून दाखवलं तेव्हा अक्कांनी 'थांब जरा' म्हटलं आणि पाणी प्यायला उठल्या. त्यांचा धाकटा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

आता कामाच्या गोष्टी. अ‍ॅपचा सगळा कारभार हिब्रू आणि इंग्रजीत आहे. दोन्हींपैकी एक तरी बऱ्यापैकी यायला हवी. मराठी आपण आपली आणायची, आणि ती आणता येते. 1846 साली मुंबईत शिळाछापावर आणि 1874 साली पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापणारे आपलेच लोक होते. फोनपेक्षा टॅब किंवा संगणक बरा, मूळ आणि भाष्य शेजारी शेजारी दिसतं. ग्रंथ उतरवून ठेवता येतात, मग लोकलमध्ये नेट नसलं तरी अडत नाही. शब्बाथला आम्ही फोन लावत नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी मी त्या आठवड्याच्या पाराशातल्या (सिनेगॉगमध्ये वाचायच्या भागातल्या) आठ-दहा ओळी वहीत उतरवून घेते. हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं.

दाफ योमीबद्दल पुष्कळ जणी विचारतात. रोज तल्मूदचं एक पान, 2711 पानं, साडेसात वर्षं. राबी मेइर शापिरोंच्या कल्पनेतून 1923 साली हे सुरू झालं, आणि आजचं पान अ‍ॅप समोर आणून ठेवतं. सध्याची फेरी 2020 च्या जानेवारीत सुरू झाली, 2027 च्या जूनमध्ये संपेल. मी तीन महिने केलं आणि थांबवलं. पान पळत होतं, मला एका शब्दापाशी थांबायचं होतं. नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसाने आठवड्याचा पाराशा धरावा, किंवा आमच्यासारखा एखादा अध्याय, आणि सावकाश जावं.

आणि एकट्याने करू नये, हे माझं सगळ्यात ठाम मत. सुरुवातीला मी एकटी वाचत होते. इतकं काही उघडतं की एका ओळीवरून दहा ठिकाणी जाते आणि रात्री काहीच हातात राहत नाही. अक्का आल्या आणि थांबणं आलं.

वयाचं म्हणाल तर थोर गुरू राबी अकिवांची गोष्ट याच अ‍ॅपमध्ये, अवोथ दराबी नाथान या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात वाचा. चाळिशीपर्यंत त्यांना अक्षर येत नव्हतं. विहिरीच्या काठाचा दगड पाण्याने झिजलेला पाहिला आणि ते शिकायला निघाले. आपल्या शाळेतल्या बोपदेवासारखंच. पण पुढचं मला जास्त आवडतं. ते आपल्या मुलाला घेऊन गुरूकडे गेले आणि पाटीचं एक टोक बापाने धरलं, दुसरं मुलाने.

ठाण्यात कुणाला जोडीदार हवा असेल तर मंगळवारची संध्याकाळ माझी मोकळी असते. शब्बाथला सिनेगॉगमध्ये भेटा. हिब्रू अक्षरं येत नसली तरी चालेल, ती मी शिकवीन. शाळेतली पाटी अजून जपून ठेवली आहे.