मोटारीशिवाय नाशिक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुट्टीत नाशिकला येऊन स्वतःच्या गाडीशिवाय शहर नीट पाहता येते का, असे मला अनेक नातेवाईक विचारतात. पाहता येते, मात्र मुक्काम कुठे केला आहे यावर निम्मी सोय-गैरसोय ठरते. मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही घरची मोटार विकली आणि तेव्हापासून शहर बस, एसटी, रिक्षा आणि पायी चालणे एवढ्यावरच आमचे भागते आहे. दिवाळीत आणि पुन्हा उन्हाळ्यात सोलापूरहून धाकटी बहीण, मेहुणे, तिच्या सासूबाई आणि दोन मुले आली, तेव्हा त्यांनाही आम्ही असेच फिरवले. त्यामुळे रोजच्या ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या माणसाची सोय आणि चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याची सोय यांत किती अंतर असते, हे जवळून पाहता आले.

आधी शहराची ठेवण लक्षात घ्यावी लागते. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली ती नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची खेडी एकत्र करून, आणि आज तिचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. गावे कागदावर एक झाली तरी त्यांच्यामधली अंतरे तशीच राहिली. रेल्वे स्थानक नाशिकरोडला आहे आणि तिथून सीबीएस, म्हणजे शहराच्या मध्यावरचे बसस्थानक, नऊ-दहा किलोमीटर दूर पडते. सातपूर एका टोकाला, पाथर्डी फाटा दुसऱ्या, आडगाव तिसऱ्या. बहुतेक बसमार्ग या टोकांहून निघून सीबीएस, शालिमार किंवा पंचवटीतल्या निमाणी स्थानकाकडे येतात. म्हणजे बाहेरून मध्यावर येणे सोपे, पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे तर बहुधा मध्यावर येऊन गाडी बदलावी लागते आणि त्यात दुपार निघून जाते. म्हणून पाहुण्यांसाठी आम्ही एक नियम ठरवला: एका दिवशी एकच दिशा. सकाळी पांडवलेणी आणि दुपारी सोमेश्वर असा बेत नकाशावर सोपा दिसतो. बसने तो करू नये.

याच कारणाने मी स्थानकाजवळच्या मुक्कामाच्या विरोधात आहे. रेल्वेतून उतरले की समोरच खोली, हा मोह समजण्यासारखा आहे. पण मग रोज सकाळ-संध्याकाळ द्वारका चौक ओलांडावा लागतो. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन्ही महामार्ग तिथे एकत्र येतात आणि संध्याकाळी तिथे अडकलेल्या बसला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. त्यापेक्षा सीबीएस, शालिमार किंवा निमाणीच्या चालत्या अंतरात राहावे. खोली थोडी लहान मिळेल, खाली रहदारीचा आवाज असेल, पण सगळ्या दिशांच्या गाड्या दाराशी असतील.

शहर बससेवा पूर्वी एसटी चालवत असे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या परिवहन महामंडळाची सिटीलिंक सेवा सुरू झाली. ताफ्यात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा भरणा आहे. सिटीलिंकच्या ॲपवर तिकीट काढता येते आणि बस कुठवर आली तेही दिसते. तिकिटापेक्षा ही दुसरी सोय मला कितीतरी मोलाची वाटते, कारण उन्हात थांब्यावर उभे राहायचे की समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा हे तिच्यामुळे ठरवता येते. नाशिकरोड, सातपूर, सिडको या दिशांना दिवसा फार वाट पाहावी लागत नाही. पाट्या मराठीत आहेत, पण गाडी कोणत्या रस्त्याने जाणार हे वाहकाला विचारूनच चढावे. रात्री आठनंतर मात्र परतीच्या बसवर भिस्त ठेवू नये आणि रिक्षाचे पैसे हिशेबात धरावेत. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरांवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते, ती बातमी आठवून मेहुण्यांनी मोठ्या उत्साहाने मेट्रोचे स्थानक विचारले. तूर्त बसच.

रिक्षांबद्दल माझे मत मिश्र आहे. ठरलेल्या रस्त्यांवर शेअर रिक्षा चांगल्या चालतात, माणशी भाडे ठरलेले असते आणि दोन बसच्या मधला वेळ त्या भरून काढतात. एकट्यासाठी रिक्षा केली की मीटरचा विषय निघत नाही. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि लांब जायचे असेल तर येतानाचे रिकामे भाडेही आपल्याकडून मागितले जाईल, हे धरून चालावे. रामकुंडाजवळ 'पंचवटी दर्शन' म्हणून मागे लागणाऱ्या एका रिक्षावाल्याने बहिणीला अमुक इतकी ठिकाणे दाखवतो म्हणून सांगितले. त्यांतली निम्मी ठिकाणे एकमेकांपासून पाच मिनिटांच्या चालीवर निघाली. गुडघे दुखणारी माणसे बरोबर नसतील, तर तिथे रिक्षाची गरज नाही.

जुने नाशिक आणि पंचवटी हा भाग तर पायीच पाहावा, आणि गाडी नसल्याचा खरा फायदा इथेच कळतो. शालिमारहून मेन रोडने रविवार कारंजापर्यंत यावे, तिथून सराफ बाजारात सरकारवाडा पाहून उताराने गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, उतरावे. बुधवार असेल तर घाटावर भाजीपासून भांड्यांपर्यंत आठवडे बाजार भरलेला असतो. पलीकडे रामकुंड, वर चढून गेले की काळाराम मंदिर आणि त्याच्या जवळच सीतागुंफा. काळाराम मंदिर १७९२ मध्ये सरदार ओढेकरांनी बांधले, आणि २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच मंदिरासमोर. दगडी प्रवेशद्वाराशी उभे राहून भाच्यांना हे सांगताना, मागून कुणी हॉर्न वाजवून 'गाडी काढा' म्हणत नाही, हे सुख वेगळेच. इथल्या गल्ल्या मोटारीसाठी नाहीतच. शिवाय पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाट पाण्याखाली जातो. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावर नाशिककर पुराचे मोजमाप करतात, आणि त्याच दिवसांत घाटावर मोटार लावून दर्शनाला गेलेल्यांची धावपळही बघायला मिळते.

पांडवलेण्यांसाठी पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस घ्यावी. पुढचे थोडे अंतर चालावे लागते आणि महामार्ग ओलांडताना मुलांचा हात सोडू नये, कारण तिथे वाहने वेगात असतात. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आहे, पण चढ आधी चढून घ्यावा आणि तोही सकाळी. त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. सगळी पाहण्याचा आग्रह न धरता तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख, दहावे क्षत्रप राजा नहपानाच्या काळातले लेणे आणि अठरावे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, एवढे निवांत पाहिले तरी सकाळ सार्थकी लागते. सासूबाई मात्र खालीच बागेत बसल्या, आणि त्यांनी ते योग्यच केले.

त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे. सिटीलिंकच्या बस तिथवर जातात, तरी आम्ही एसटीने गेलो, कारण एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचा प्रवास मोफत झाला; ओळखपत्र तेवढे जवळ हवे. वाटेत अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, त्याची रुची असेल तर जाताना उतरावे, येताना थकवा आलेला असतो. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी एवढी गर्दी लोटते की मोटार असूनही नसल्यासारखीच. त्या दिवशी जादा एसटी गाड्या सोडल्या जातात आणि त्यांतूनच जाणे शहाणपणाचे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीमुळे रस्त्यांची कामे निघत राहतात, तेव्हा वेळेत अर्धा तास जादा धरावा.

बसने न जमणारे ठिकाण म्हणजे गंगापूर धरणाकडची द्राक्षमळ्यांची आणि वायनरींची बाजू. आनंदवल्ली, नवश्या गणपती, सोमेश्वर इथवर बस आणि रिक्षा मिळतात. त्यापुढे जाताना रिक्षा येते, परतताना मात्र वाहन मिळत नाही आणि संध्याकाळी मोबाइलवरून मागवलेली टॅक्सी कधी मिळते, कधी नुसती शोधतच राहते. मेहुण्यांना तिथे जायचे होते, म्हणून आम्ही त्या संध्याकाळपुरती चालकासह गाडी ठरवली. वाइन चाखायला जायचे तर स्वतः गाडी चालवत जाऊच नये, त्यामुळे हा खर्च मोटारवाल्यांनीही करावा असाच आहे.

नाशिकरोडची बाजू शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावी. देवळाली कॅम्पमार्गे भगूरला जाऊन सावरकरांचा जन्मवाडा पाहता येतो, परतल्यावर स्थानकाजवळचे संगमरवरी मुक्तिधाम चालत गाठता येते, आणि सामान त्याच भागातल्या लॉजवर ठेवलेले असले की ओझेही वागवावे लागत नाही. मुंबईला जाणारी पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते. तिने परतायचे असेल तर आदली रात्र, आणि तेवढी एकच रात्र, स्थानकाजवळ काढावी. पहाटे सीबीएसहून बसची वाट पाहण्यात अर्थ नाही आणि त्या वेळी रिक्षावाला सांगेल ते भाडे द्यावे लागते.